पिसांविषयीचे लॅटिनमूलक इंग्रजी शब्द

पिसाला इंग्रजीत रोजच्या बोलण्यात ‘फेदर’ म्हणतात आणि तो शब्द जर्मानिक कुळातला आहे. पिसांचे भाग, प्रकार आणि पिसांपासून झालेल्या वस्तू यांची नावे मात्र बरीचशी लॅटिन आहेत, काही फ्रेंचच्या वाटेने आलेली. त्यांची मुख्य मुळे दोन : ‘पेन्ना’ म्हणजे पंखाचे ताठ पीस आणि ‘प्लूमा’ म्हणजे मऊ, लवेसारखे पीस.

पेन्नाचा सर्वांत यशस्वी वंशज ‘पेन’. पिसाचा देठ तासून लिहायला लागल्यावर पिसाचेच नाव लेखणीला पडले. सेव्हिलचा इसिडोर (निधन 636) लेखनिकाच्या साधनांत बोरू आणि पीस दोन्ही सांगतो. बोरूचे नाव ‘कॅलमस’. पिसाच्या पोकळ बुडख्याला पक्षिशास्त्रज्ञ आजही तेच म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक. तोच अरबी-फारसीतून मराठीत ‘कलम’ होऊन आला. ‘पेन्सिल’ मात्र पेनची कोणी लागत नाही. ती ‘पेनिकिल्लुस’ म्हणजे छोट्या कुंचल्यापासून आली. कुंचल्यासारख्या दिसणाऱ्या पेनिसिलियम बुरशीचे नाव त्यावरूनच पडले आणि तिच्यावरून अलेक्झांडर फ्लेमिंगने 1929 मध्ये पेनिसिलिन हे नाव रूढ केले.

पेन्नाचे दुसरे रूप ‘पिन्ना’. कडुनिंबासारख्या पिसाकृती संयुक्त पानाला ‘पिनेट’ म्हणतात ते त्यावरून. शिरस्त्राणावरचा तुरा असलेला ‘पनाश’ पुढे नुसती ऐट उरला. प्लूमापासून ‘प्लूम’ आणि ‘प्लूमेज’ (पिसारा) झाले. टोपणनावासाठीचा ‘नों द प्लूम’ दिसतो फ्रेंच, पण घडवला इंग्रजांनी.

खरी कल्पकता पक्षिशास्त्राच्या परिभाषेत आहे. पंखांची उड्डाणपिसे ‘रेमिजेस’ म्हणजे वल्हेकरी, शेपटीची ‘रेक्ट्रिसेस’ म्हणजे सुकाणू धरणाऱ्या. त्यांची बुडे झाकणारी ती ‘टेक्ट्रिसेस’. दांड्यापासून फुटणारा तंतू ‘बार्ब’. मूळ अर्थ दाढी. अंगठ्यावरच्या पिसांचा झुपका ‘अल्यूला’ म्हणजे छोटा पंख. उतरताना वेग मंदावला की पक्षी तो उघडतो; त्यामुळे पंखावरून हवा नीट वाहत राहते आणि उचल टिकते. विमानाचे ‘एलेरॉन’ याच ‘आला’ म्हणजे पंख या शब्दाचे, फ्रेंचमार्गे आलेले लघुरूप. त्याचे काम मात्र विमानाला कुशीवर कलवण्याचे.