यिरआ : देवाची भीती, पण कुठल्या अर्थाने?

हिब्रू बायबलमध्ये (म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात ते) एक शब्द सारखा भेटतो. 'यिरआ'. मराठी बायबलमध्ये त्याच्या जागी बहुतेक वेळा 'भय' येतं. परमेश्वराचं भय. हे वाचून आपल्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? ढगावर छडी घेऊन बसलेला एक हेडमास्तर! मग असल्या देवाशी आपलं काय जमणार, असं वाटून आपण पान उलटतो. पण शब्द जरा खोलात जाऊन बघितला की प्रकरण वेगळंच निघतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. यिरआमध्ये साधी भीतीही आहे. भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन येतोय हे कळल्यावर याकोबाची गाळण उडते, तिथे हेच क्रियापद आहे. तेव्हा "यिरआ म्हणजे फक्त आदर, भीतीचा काही संबंधच नाही" हे गुळगुळीत उत्तर काही खरं नाही. पण त्याच धातूपासून 'नोरा' हा शब्दही होतो. नोरा म्हणजे ज्याच्यापुढे छाती दडपून जाते असं काहीतरी. ज्यू नववर्षापासून योम किप्पूरपर्यंतच्या दहा दिवसांना 'यामीम नोराईम' म्हणतात, ते ह्याच शब्दावरून.

आणि गंमत बघा, आईवडिलांसाठीही हाच शब्द. लेवीयच्या १९व्या अध्यायात आईवडिलांचा यिरआ बाळगा असं सांगितलंय, आणि तिथे आईचं नाव आधी घेतलंय! ह्याचा नेमका अर्थ काय, ह्यावर तालमूदमध्ये चर्चा आहे. उत्तर अगदी घरगुती. वडिलांच्या जागेवर बसायचं नाही, त्यांचं बोलणं खोडून काढायचं नाही. जेवूखाऊ घालणं, कपडालत्ता बघणं हा 'मान'. जागा न बळकावणं हा यिरआ. आपल्याकडे आजोबांच्या खुर्चीत कोणी बसत नसे, तेच हे. ह्याला भीती म्हणणार की धाक?

आता मुख्य मुद्दा. हा शब्द कुठल्या प्रसंगात येतो ते बघा. मिसरचा राजा दोन सुइणींना हुकूम देतो, हिब्रू बाईला मुलगा झाला की मारून टाका. शिफ्रा आणि पुआ ही त्यांची नावं. (राजाचं नाव मात्र त्या पुस्तकात नाही!) त्या हुकूम पाळत नाहीत, कारण त्यांना देवाचं भय होतं. अमालेकी लोक मात्र वाटेत थकून मागे पडलेल्या दुबळ्या लोकांवर हल्ला करतात. त्यांच्याबद्दल शेरा काय? ह्यांना देवाचं भय नव्हतं.

लेवीयमधल्या नियमांतही तेच. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, आणि देवाचं भय बाळगा. म्हाताऱ्यांपुढे उभे राहा, देवाचं भय बाळगा. व्यवहारात फसवू नका, अडलेल्याकडून व्याज घेऊ नका, गुलामाला निर्दयपणे राबवू नका. प्रत्येक वेळी शेवटी तेच पालुपद. का बरं? राशी हा अकराव्या शतकातला फ्रान्समधला मोठा भाष्यकार. तो म्हणतो की ह्या गोष्टी माणसाच्या मनावर सोपवलेल्या असतात. बहिऱ्याला शिवी ऐकूच येणार नाही. आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते दिसणार नाही. तुमचा हेतू काय होता हे कुठलं कोर्ट सिद्ध करणार?

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, ज्याच्याकडे सर्व्हरचा रूट पासवर्ड असतो तो चूक करून लॉगही पुसू शकतो. त्याला बाहेरून आवरणारं कोणी नसतं. यिरआ हा शब्द नेमका तिथे लागू होतो.

इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्या काळातल्या योहानान बेन झक्काई ह्या गुरूची एक गोष्ट तालमूदमध्ये आहे. मरणशय्येवर शिष्यांनी आशीर्वाद मागितला. त्यांनी दिला तो असा, की तुम्हाला माणसांची जेवढी भीती वाटते तेवढी देवाची वाटो. शिष्य म्हणाले, एवढीच? गुरू म्हणाले, एवढी वाटली तरी पुष्कळ! पाप करताना माणूस 'कोणा माणसाने बघू नये' एवढीच काळजी करतो.

मग हेडमास्तर आला कुठून? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ग्रीक भाषांतर सुरू झालं, तिथे बहुतेक ठिकाणी 'फोबोस' आला (फोबिया त्यातलाच). इ.स. ४००च्या सुमारास जेरोमने लॅटिनमध्ये 'तिमोर' लिहिला. दोन्ही शब्द चूक नाहीत, पण फोटो कॉम्प्रेस केल्यावर होतं तसं झालं. ठळक रेषा राहिल्या, बारीक छटा गेल्या.

मराठीत हिब्रू थेट आणण्याचे प्रयत्नही झालेत. जॉन विल्सनने १८३२ मध्ये कोकणातल्या बेने इस्रायल लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. केडगावच्या पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ते १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं.

मला विचाराल तर यिरआच्या जवळ जाणारा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. नुसतं 'भीरू' म्हटलं तर ती शिवी. पण 'पापभीरू' म्हटलं की कौतुक! पापभीरू माणूस कशाला भितो? शिक्षेला नाही, तर आपल्या हातून वाईट होईल ह्याला. शिफ्रा आणि पुआ तशा होत्या. म्हणून तर ज्याला भ्यायला हवं होतं त्या राजाचं त्यांनी ऐकलं नाही.