भोवळ, चक्कर आणि दडे

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये कानाच्या डॉक्टरांपुढे बसलं की पहिला प्रश्न ठरलेला : "चक्कर आते हैं?" मी 'जी' म्हणतो, आणि घोटाळा तिथंच होतो. चक्कर उपाशीपोटी येते, रक्तदाब उतरला की येते आणि माझ्यासारखा मेनिएरचा विकार जडला तरी येते. घरात ती 'आली', दाराबाहेर तो 'आया'. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी शब्दाचं लिंगही उंबरठ्यावर बदलतं.

शब्द मुळात 'चक्र'. त्याचं अस्सल मराठी रूप 'चाक'. 'चक्कर' हे हिंदीच्या वळणाचं. आपल्या घरचा शब्द भोवळ. संस्कृत 'भ्रम्' म्हणजे फिरणं. 'ग्राम'चं गाव आणि 'नाम'चं नाव झालं, तसाच इथंही 'म'चा 'व' झाला. भोवरा, सभोवती, भोवळ ही सगळी त्याच कुळातली. 'कर्म भोवलं' म्हणजे फिरून आपल्यावरच आलं! पण आज भोवळ म्हटलं की माणूस शुद्ध हरपून पडल्याचं चित्र उभं राहतं. मेनिएरमध्ये सहसा शुद्ध असते. फिरत असतं ते घर. भिंती, पंखा, पलंग सगळं गरगरतं, वीस मिनिटं ते काही तास.

हा खेळ मेंदूचा नसून कानाचा असू शकतो, हे प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये पॅरिसमध्ये मांडलं. ते तिथल्या मूकबधिरांच्या संस्थेत वैद्य होते. आतल्या कानात ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकांना जोडलेल्या असतात. या विकारात तिथला द्रव वाढतो, म्हणून तोल आणि ऐकणं दोन्ही एकदम बिघडतात.

ऐकण्याच्या तक्रारीला मराठीचा हात सढळ आहे. आत गुणगुणलं की 'कान वाजतो'. बूच मारल्यासारखा गच्च झाला की 'दडे बसतात'. 'बधिर' शब्दाचे तर आपण दोन वाटे केले. 'दधि'चं दही व्हावं तसा 'ध'चा 'ह' होऊन 'बहिरा' कानाकडे गेला, आणि मूळ 'बधिर' मुंग्या आलेल्या पायालाही लागू झाला. मेनिएरमध्ये मात्र कान सुरुवातीला धड बहिराही नसतो. आज कमी, उद्या बरं, असं त्याचं चालतं.

'तोल' आला 'तुले'वरून. इथल्या हिंदी दुकानदाराला 'तोल गेला' सांगितलं तर तो वजनकाट्याकडे बघेल. आम्ही भिंत धरतो.

म्हणून एक सांगणं. डॉक्टरांपुढे नुसतं 'चक्कर' म्हणून थांबू नका. डोळ्यांपुढे अंधारी आली की घर फिरलं, किती वेळ फिरलं, तेव्हा कोणत्या कानात दडे बसले, एवढं सांगा. भाषा कोणतीही चालेल.