माध्यमिक शालान्त परीक्षा, महासाथीनंतरची
कोविड-१९ मुळे महाराष्ट्रातील दहावीच्या (एस.एस.सी.) मूल्यमापनात झालेले बदल. मार्च २०२० मध्ये एकच पेपर राहिला, भूगोलाचा. तो रद्द होऊन त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. २०२१ साली परीक्षाच झाली नाही. १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनातून व २० तोंडी, प्रात्यक्षिक वा गृहपाठातून धरले. ज्या नववीकडे कुणी गांभीर्याने पाहत नसे, तीच निर्णायक ठरली! राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीचे प्रवेशही अखेर याच गुणांवर झाले. त्यासाठी योजलेली सामायिक प्रवेश परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द केली. २०२२ मध्ये लेखी परीक्षा परतली. ७५ टक्के अभ्यासक्रम, शक्यतो आपल्याच शाळेत केंद्र, मोठ्या पेपरला अर्धा तास जादा. २०२३ पासून पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा लागू झाला व राज्याचा निकाल ९३.८३ टक्क्यांवर आला.