कौटुंबिक एसयूव्हीची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : जासई परिसर)

प्रस्तावना :

मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात घराखालोखाल मोठा खर्च वाहनाचा असतो. गेल्या दशकात या खर्चाचा ओघ उंच बांध्याच्या, ‘एसयूव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारींकडे वळला आहे. ही निवड वैयक्तिक आवडीची बाब समजली जाते. तथापि मध्यम किमतीत कोणते वाहन बाजारात उपलब्ध असावे, याचा निर्णय ग्राहकाच्या आवडीपूर्वीच बऱ्याच अंशी झालेला असतो. तो शासनाच्या कररचनेने व औद्योगिक धोरणाने केलेला असतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा इतिहास तपासून, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई परिसराच्या संदर्भात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. महाराष्ट्रातील कौटुंबिक उपयुक्तता वाहनाच्या विकासाचे टप्पे पाहणे.
2. कररचनेचा वाहनाच्या आकारावर व किमतीवर झालेला परिणाम तपासणे.
3. मर्यादित खर्चात वाहन निवडताना उपयोगी पडणारे निकष निश्चित करणे.

लेखासाठी दुय्यम साधनांचा उपयोग केला असून विवेचनाची पद्धत ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे.

जासई : जमीन आणि रस्ता :

जासई हे लोकनेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण पट्ट्यातील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या समाजापुढे जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न उभा राहिला. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी या परिसरात झालेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याच्या योजनेमागे या लढ्याची प्रेरणा आहे.

26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि परिसरातील रस्त्यांवर कंटेनरवाहू ट्रेलरची वर्दळ सुरू झाली. शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झाले. सेतूची लांबी 21.8 किलोमीटर असून त्याचे उरणकडील टोक जासईलगतच्या चिर्ले येथे आहे. उद्घाटनाच्या वेळी मोटारीसाठी एकेरी पथकर 250 रुपये ठरविण्यात आला होता. म्हणजेच येथील कुटुंबाच्या वाहनखरेदीत दोन गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे जमिनीच्या बदल्यात एकदाच मिळालेला पैसा, आणि दुसरी म्हणजे अवजड वाहनांनी व्यापलेला रस्ता.

जीपपासून सुमोपर्यंत :

महिंद्र उद्योगसमूहाने 1947 पासून मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढील काही दशके जीप ही सैन्य, पोलीस, वनखाते आणि सहकारी साखर कारखाने यांची गाडी राहिली. खेड्यात जीप आली म्हणजे साहेब किंवा पुढारी आला, असे समीकरण होते. परवाना पद्धतीच्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबासमोर कुर्ल्याची प्रीमियर आणि कोलकात्याची अॅम्बॅसेडर असे मोजकेच पर्याय होते. पश्चिम महाराष्ट्रात जीपच्या बांध्याच्या गाड्या ‘वडाप’च्या रूपाने सामान्यांपर्यंत पोहोचल्या, परंतु त्या भाड्याच्या होत्या.

उदारीकरणानंतर हे चित्र बदलले. टेल्कोने 1991 मध्ये सिएरा आणि 1994 मध्ये सुमो बाजारात आणली. कंपनीचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे जोडून सुमोचे नामकरण झाले होते. नाशिकमध्ये तयार होणाऱ्या बोलेरो (2000) आणि स्कॉर्पिओ (2002) या गाड्यांनी पुढची वाट रुंद केली. सुमो-बोलेरोच्या मागील भागातील समोरासमोरच्या बाकांवर घरातील मुलेमाणसे दाटीवाटीने मावत. लग्नसराई असो की कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा, एका गाडीत एक चूल निघत असे. एकत्र कुटुंबाला प्रतिमाणशी स्वस्त पडणारे वाहन, हीच त्या काळातील निवडीची कसोटी होती. डौल नंतरचा.

चार मीटरची मर्यादा :

2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने या वाटेला वळण दिले. लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास 1200 घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास 1500 पर्यंत, अशा मोटारींवरील उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्के झाले. हेतू लहान मोटारींना उत्तेजन देण्याचा होता. याउलट 2013 च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरील शुल्क 27 टक्क्यांवरून 30 टक्के करण्यात आले. या दोन निर्णयांमधील फटीत नवी जात जन्माला आली. दिसण्यात एसयूव्ही, परंतु मापात लहान मोटार. चिंचवडच्या प्रीमियर कंपनीची रिओ (2009) ही तिची आरंभीची खूण होय. पुढे इकोस्पोर्ट (2013), व्हिटारा ब्रेझा (2016) व पुणे जिल्ह्यातील रांजणगावची नेक्सॉन (2017) आल्या. ब्रेझाची लांबी 3995 मिलिमीटर आहे. हा आकडा रस्त्याच्या गरजेतून आलेला नाही.

सर्वांत बोलका पुरावा बोलेरोचा आहे. 2016 मध्ये तिची लांबी 4107 वरून 3995 मिलिमीटरवर आणण्यात आली आणि अडीच लिटरच्या इंजिनाऐवजी दीड लिटरचे इंजिन बसविण्यात आले. खेड्यापाड्यांत रुळलेल्या गाडीलाही कराच्या साच्यात बसावे लागले.

वस्तू व सेवा कराच्या काळात (1 जुलै 2017 पासून) हा साचा कायम राहिला. 22 सप्टेंबर 2025 पासून या मर्यादांत बसणाऱ्या लहान मोटारींना 18 टक्के व उर्वरित मोटारींना 40 टक्के कर लागू झाला, तर विद्युत वाहनांचा दर 5 टक्के राहिला. येथे सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. ब्रेझाला 2020 मध्ये 1462 घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मिळाले. त्यामुळे लांबीची अट पूर्ण होऊनही ती इंजिनाच्या अटीत बसत नाही व वरच्या दरात जाते.

फरकाची कल्पना उदाहरणाने येईल. दोन पेट्रोल गाड्यांची करपूर्व किंमत प्रत्येकी 8 लाख रुपये मानल्यास एक 9 लाख 44 हजारांना, तर दुसरी 11 लाख 20 हजारांना पडते. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारींवरील एकरकमी वाहनकर 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांपर्यंत 12 टक्के आहे. तो मिळवता अंतर 2 लाख 6 हजारांहून अधिक होते. हा फरक लोखंडाचा किंवा सुरक्षिततेचा नसून व्याख्येचा आहे.

सुरक्षितता आणि घसारा :

उंच बांधा म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉनला 2018 मध्ये प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. एप्रिल 2024 मध्ये बोलेरो निओला मात्र एकच तारा मिळाला. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आतील, दोन्ही एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही देशी मूल्यांकन योजना सुरू झाली असल्याने ही माहिती ग्राहकाला सहज मिळू शकते. ट्रेलरच्या शेजारून रोज जाणाऱ्या जासईच्या कुटुंबाला जमिनीपासूनच्या उंचीपेक्षा या ताऱ्यांचे मोल अधिक आहे.

दुसरी बाब घसाऱ्याची. विम्यासाठी वाहनाचे मूल्य ठरविताना पहिल्या वर्षाअखेर 15 टक्के आणि पाचव्या वर्षाअखेर 50 टक्के घट धरली जाते. तृतीयपक्ष विम्याच्या जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 ते 1500 घनसेंटिमीटरच्या खाजगी मोटारीस वार्षिक 3416 रुपये, तर त्यावरील मोटारीस 7897 रुपये हप्ता आहे. मोठे इंजिन एकदाच महाग पडत नाही, ते दरवर्षी महाग पडते.

निष्कर्ष :

1. मध्यम किमतीच्या एसयूव्हीचा आजचा आकार प्रामुख्याने कररचनेतून घडला आहे. म्हणून जाहिरातीतील नावापेक्षा लांबी व इंजिन हे दोन आकडे प्रथम पाहावेत.
2. चार मीटरच्या मर्यादेत पाच माणसे नीट बसतात. सहावे-सातवे माणूस नित्याचे असेल तर लांब गाडीचा जादा कर हा सार्थ खर्च ठरतो. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या जागेसाठी तो करणे योग्य नाही. अशा वेळी गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते.
3. घरची गाडी भाड्याने लावून हप्ता फेडण्याचा विचार असल्यास पिवळ्या पाटीचा परवाना आवश्यक आहे. खाजगी नोंदणीवर तो व्यवसाय करता येत नाही.
4. अपघात चाचणीचे तारे ही चैनीची बाब न मानता किमान अट मानावी व त्यासाठी इतर सोयींवरील खर्च कमी करावा.
5. मोबदल्याच्या किंवा भूखंडाच्या पैशातून खरेदी करताना पाच वर्षांनंतरचे निम्मे मूल्य गृहीत धरून रक्कम ठरवावी. या परिसरात त्या पैशामागे पाच जणांचे प्राण आहेत आणि गेलेली जमीन पुन्हा विकत मिळणारी नाही. एखाद्या कुटुंबाने त्यातून किती रक्कम दारातील गाडीत घालावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ ग्राहकशास्त्राचा राहत नाही. तो स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही हाती घेण्याजोगा आहे.