आवणीचे शब्द, हळदीचे शब्द

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमागांचा खडखडाट आठवतो, नाहीतर महामार्गालगतची पत्र्याच्या छपरांची गोदामं. पण यंत्रमाग इथे रुजले ते १९३०च्या दशकापासून, आणि गोदामं तर कालपरवाची. त्याआधी कितीतरी पिढ्या काल्हेर, कशेळी, अंजूर, दापोडे, खारबाव या गावांचं पोट भात, मासळी आणि मीठ यांवर चाललं. उल्हास नदीची खाडी तालुक्याच्या कडेने वसईकडे जाते. शहरातून वाहणारी कामवारी तिलाच मिळते. या पाण्याच्या काठाने जी बोली वाढली ती आगरी.

जॉर्ज ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीला सातवा खंड दिला. १९०५ साली निघालेल्या त्या खंडात कोकणातल्या इतर बोलींच्या रांगेत आगरीही आहे. बोलींचे नमुने गोळा करायला त्याने बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट निवडली होती. तेव्हा घर सोडून गेलेल्या त्या पोराचा बाप आगरीत आला तो ‘बापूस’ होऊन.

ही ठेवण आजही कानाला लगेच ओळखू येते. घोड्याचा ‘घोरा’ होतो, गाडीची ‘गारी’, डोळ्याचा ‘डोला’, पाण्याचं ‘पानी’. आई ‘आयस’ आणि भाऊ ‘भाऊस’. मला-तुला याऐवजी ‘माना’ आणि ‘तुना’. ‘घरात’ म्हणायचं तर ‘घरान’, ‘गावात’ म्हणायचं तर ‘गावान’. शाळेत या बोलण्याला अशुद्ध ठरवून हसणारे पुष्कळ भेटले, तरी वळण मोडलं नाही. भिवंडीत आगरीला शेजारही दाट होता. कोकणी मुसलमानांची मराठीशी नातं सांगणारी कोकणी, पाड्यांवरची वारली आणि कातकरी, शिवाय विणकरांबरोबर उत्तरेकडून आलेली उर्दू.

शब्दांचा खरा साठा मात्र कामात होता.

खाडीकाठची जमीन आपोआप शेत होत नाही. खाजणात मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं आणि मग काही वर्षांनी तिथे भात घ्यायचं. अशी उठवलेली जमीन म्हणजे खार. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात उघाडी ठेवलेली असे. उधाणाने बांध फुटला की ‘खांड गेली’ म्हणत, आणि ती बुजवायला गाव रात्रीसुद्धा चिखलात उतरे. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही पिकं गेलीच. बांध घालणाऱ्यांना सवलतीच्या धाऱ्याने जमीन देणारी शिलोत्री पद्धत ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ब्रिटिशांच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. स्वातंत्र्यानंतर हे बांध सरकारी देखभालीखाली आणण्यासाठी १९४८चा खार जमीन कायदा झाला, पुढे १९७९ साली खारभूमी विकासाचा नवा कायदा आला. खाऱ्या जमिनीला टिकणारी भातंही वेगळी होती. काळा राता आणि भुरा राता ही त्यांतली नावाजलेली. तिथे नेहमीची लावणी न करता मोड आलेलं भात चिखलात फेकून पेरत, त्याला रहू म्हणत.

गोड्या जमिनीचा पसारा निराळा. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा आणि वर माती असे थर देऊन ते पेटवायचे, हा राब. पहिल्या पावसात त्या भाजलेल्या मातीत बी टाकायचं, आणि रोपं वर आली की मुठी बांधून चिखलात आवणी. डोक्यावर इरलं आणि कंबर वाकलेली, असे दिवसामागून दिवस जात. या राबाचा एकेकाळी मोठा तंटा झाला. इंग्रज सरकारने जंगल राखीव करून फांद्या तोडण्यावर बंधनं घातली, तेव्हा ठाणे आणि कुलाब्याचे शेतकरी हैराण झाले. त्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वनचौकशी आयोग नेमावा लागला.

याच पावसात वलगन येई. पहिला जोराचा पाऊस पडून ओढे भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि थेट शेतापर्यंत येतात. मग बत्त्या घेऊन माणसं रात्री बांधावर. कोणी पाग फेकी, कोणी नुसत्या हाताने धरी. गाबोळीने भरलेल्या चिवण्या मिळतील म्हणून घरी तांदळाच्या भाकऱ्या आधीच थापायला घेतलेल्या असत.

बोलीचा दुसरा साठा लग्नाच्या मांडवात होता, आणि तो बायकांच्या ताब्यात होता. आगरी लग्नात पुष्कळ ठिकाणी विधी पुढे नेण्याचा मान धवलारीनीचा. ही वयस्क बाई मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि देवकापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला त्याचं गाणं म्हणत असे. कोणत्या वेळी काय करायचं हे त्या गाण्यातूनच कळे. सारं पाठ, लिहिलेलं काही नाही. लग्नातल्या या धवल्यांची परंपरा मराठीत किती मागे जाते हे महदंबेच्या धवळ्यांवरून दिसतं. महानुभाव पंथाच्या या कवयित्रीने तेराव्या शतकात ते रचले, तेही कृष्ण आणि रुक्मिणी यांच्या लग्नावर.

गेल्या दोन-तीन दशकांत तालुक्याचं रूप पालटलं. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर पण मुंबईला लागून, मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला आणि उरणच्या बंदराकडून येणाऱ्या मालाला सोयीची अशी ही जागा. भातशेतांवर भराव पडले आणि गोदामं उभी राहिली. २०१७ साली वस्तू व सेवा कर येऊन जकात गेली, तरी गोदामांची वाढ थांबली नाही. शेतमालकाच्या हाती भाडं आलं आणि चिखलातून सुटका झाली. त्या कष्टाबद्दल हळहळणारे आवणी केलेल्या बायकांमध्ये फारसे सापडत नाहीत.

पण राब भाजला जात नाही तिथे राब हा शब्दही रोज तोंडात येत नाही. उघाडी, रहू, खांड यांचं तेच. उलट ‘घरान’, ‘माना’, ‘बापूस’ यांना काही झालेलं नाही, कारण त्यांना शेत लागत नाही, घर पुरतं. हळद तर आणखी मोठी झाली. धवलारीनीच्या जागी डीजे आला, आणि एकवीरा, दर्या, हळद यांवरची नवी आगरी गाणी मोबाइलवरून आगरी नसलेल्यांच्या लग्नांतही पोचली. २०१७च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन शेजारच्या डोंबिवलीत भरलं, तेव्हा यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठीच्या बोलींची जिल्हावार पाहणी करून लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. भिवंडीत अशा कामाला घाई आहे ती शेताच्या शब्दांची. ते सांगू शकणाऱ्या बायका आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या नातवंडांनी आवणी पाहिलेलीच नाही.