बॅन्फ सेंटर: लेखन आणि नवमाध्यमे

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतांच्या कुशीत असलेले बॅन्फ सेंटर १९३३ मध्ये एका उन्हाळी नाट्यवर्गातून उभे राहिले. १९८९ मध्ये तेथे पत्रकारांसाठी निवासी लेखनकार्यक्रम सुरू झाला: हाती दीर्घ लेख, सोबतीला संपादक आणि वृत्तपत्राच्या कचेरीत सहसा न लाभणारी सवड. १९९०च्या दशकारंभी ब्रेंडा लॉरेल व रेचेल स्ट्रिकलंड यांनी ‘प्लेसहोल्डर’ हा आभासी वास्तवाचा प्रयोग येथेच साकारला. सहभागी व्यक्ती कावळा, साप, कोळी वा मासा होऊन परिसरातील गुहा-धबधब्यांच्या प्रतिमांत वावरे, स्वतःच्या आवाजातील गोष्ट तेथे ठेवून जाई; मागून येणारा ती ऐके. तंत्र नवे, हौस जात्यावरच्या ओवीइतकी जुनी. १९९५ मध्ये सारा डायमंड यांनी येथे न्यू मीडिया इन्स्टिट्यूट स्थापन केली. तिच्या कार्यशाळांत कलावंत आणि तंत्रज्ञ एकत्र बसत.