साष्टीच्या डोंगरातील कुडा

मृगाचा पाऊस पडून गेला, म्हणजे बोरिवली-मुलुंडच्या स्थानकांबाहेर काही वारली व कातकरी स्त्रिया गोणपाट पसरून बसलेल्या दिसतात. त्यांच्यापुढे शेवळे, टाकळा, कोरला, भारंगी अशा रानभाज्यांच्या जुड्या असतात. शेवळांच्या शेजारी काकडाची हिरवी फळे हटकून ठेवलेली असतात. कारण शेवळे घशाला खाजवतात, आणि काकडाच्या आंबट रसाने ती खाज मरते. घाईने नुसतीच शेवळे उचलून निघालेल्या गिऱ्हाइकाला विकणारी बाई मागे बोलावून काकड घ्यावयास लावते, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. याच पाटीत पुष्कळदा कुड्याची पांढरी फुले किंवा कोवळ्या शेंगा असतात. या कुड्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि त्यातील काही भाग आपल्या साष्टी बेटाच्या अगदी शेजारी घडलेला आहे.

कुडा, म्हणजे संस्कृतातील कुटज, हा आपल्याकडे अतिसार व आमांश यांवरचा जुना उपाय. कालिदासाच्या यक्षाने मेघाला जी ताजी फुले वाहिली ती याचीच. कोकणातील घरांत पांढऱ्या कुड्याची साल ताकात उगाळून देण्याची चाल होती, आणि वैद्यांच्या कपाटात कुटजारिष्टाची बाटली आजही सापडते. परंतु या झाडाला एक जोडीदार आहे. डोंगरात पांढरा कुडा असतो तसा काळा कुडाही असतो. दोघांनाही चीक, दोघांचीही फुले पांढरी, दोघांनाही लांब जोडशेंगा. एकाचे बी ते कडू इंद्रजव, दुसऱ्याचे ते गोडे इंद्रजव. आमांशावर गुण आहे तो पहिल्याचा. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत. तेव्हा ही जोडी आपल्या प्राचीनांच्याही ध्यानात आली असावी, असे मानण्यास हरकत नाही.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यास आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, आणि तेथील वर्षातून दोनदा फळणाऱ्या एका आंब्याचे कौतुक त्याने आपल्या ग्रंथात केले आहे. हा ग्रंथ, म्हणजे हिंदुस्थानातील औषधींवरील संवाद, 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात आमांशावरची एक मलबारी वनस्पती वर्णिली आहे. ती कुडाच होय, असे पुढील पंडितांनी ठरविले. त्यानंतर मलबारच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हीडने, 1678 पासून बारा खंडांचा जो वनस्पतिग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही कुडा आहे. या ग्रंथाची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्याने झाडे ओळखून दिली त्या इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याचे नाव व त्याची साक्ष ग्रंथात छापली आहे. नंतरच्या काळात अशी नेकी फारशी आढळत नाही.

18व्या शतकात कुड्याची साल युरोपात पोहोचली आणि तिचा बराच बोलबाला झाला. परंतु तो टिकला नाही. सालीचा गुण येईनासा झाला आणि औषध मागे पडले. याचे कारण मुंबईचा विल्यम डिमॉक आणि त्याचे सहकारी यांनी 1890 ते 1893 च्या दरम्यान निघालेल्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे: पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्याची निर्गुण साल मिसळली जात होती. घोटाळा व्यापाऱ्यांपुरता राहिला नाही. लिनियसपासूनच्या नामकरणात ‘आमांशहर’ हे विशेषण सिंहलद्वीपातील एका निराळ्याच, काळ्या कुड्याच्या कुळातील झुडपाला चिकटले, ते आजतागायत सुटलेले नाही. 1858 साली मुंबईच्या डॉक्टर हेन्सने सालीतून गुणकारी क्षार वेगळा काढला, तेव्हा त्यानेही झाडाचे नाव तेच चुकीचे घातले. आणि स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाने पुढे 1864 मध्ये बियांतील क्षाराला जे नाव दिले ते काळ्या कुड्याच्या कुळावरून! गुण एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

अशी चूक साष्टीच्या डोंगरातील एखाद्या गुराख्याने केली असती काय? आम्हांस तसे वाटत नाही. काळ्या कुड्याच्या दोन शेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांस चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. काळ्याचा पाला सुकताना निळसर काळा पडतो. त्यातून निळीसारखा रंगही निघतो. आणि एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर साल जिभेवर ठेवावी. चरकसंहितेच्या आरंभीच म्हटले आहे की, औषधींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना आणि इतर वनवासी लोकांना ठाऊक असतात. मात्र त्यांची योजना जाणणारा तो खरा जाणता. आपल्या वैद्यमंडळींनी या वचनाचा उत्तरार्ध अभिमानाने मिरविला आणि पूर्वार्ध हलका मानला. कुड्याची युरोपात जी फजिती झाली ती पूर्वार्ध नसल्यामुळे झाली.

मुंबईत या विद्येची नोंद करणारे झाले नाहीत असे नाही. डॉ. सखाराम अर्जुन यांनी 1879 मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधींची यादी छापली. 1883 साली स्थापन झालेल्या निसर्गेतिहास मंडळाच्या आठ संस्थापकांपैकीही ते एक होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधिगुणादर्श’ रचून मराठी कुटुंबांची मोठीच सोय केली. या ग्रंथांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि गुणधर्म छापता येतात, ओळख छापणे कठीण. ती पायाखालच्या वाटेने आणि जिभेवरच्या चवीने शिकावी लागते.

आणि त्या वाटाच आता आखडल्या आहेत. विहार तलाव 1860 मध्ये व तुळशी तलाव 1879 मध्ये झाला, तेव्हा हा सर्व प्रदेश रानच होता. अंधेरी-घाटकोपर 1950 साली आणि बोरिवली-मुलुंड 1957 साली मुंबईच्या हद्दीत आली. उरलेल्या डोंगराचे राष्ट्रीय उद्यान झाले, सुमारे 103 चौरस किलोमीटरचे. ते झाले म्हणून कुडा वाचला, हे कबूल केलेच पाहिजे. पण 1997 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातील वस्त्या हटविण्यास आरंभ झाला, त्यात आदिवासी पाड्यांचा प्रश्नही गुंतून पडला. पाड्यांतील काही कुटुंबे पुनर्वसनाच्या उंच इमारतींत गेली. तेथील सातव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला कुडा कोण दाखविणार?

येथे एक खुलासा अवश्य आहे. रानातले म्हणून ते सारे गुणकारी, असे आम्ही म्हणत नाही. सर्पदंशावर मुळी उगाळीत बसल्याने या डोंगरांतही माणसे दगावली आहेत. त्यावर परळच्या हाफकिन संस्थेत तयार होऊ लागली तशी लसच हवी. कुड्याच्या क्षाराचेही मज्जातंतूंवर दुष्परिणाम दिसले, आणि नवी औषधे आल्यावर डॉक्टरांनी तो सोडला. उपचाराचे डॉक्टरांनी पाहावे. आमची चिंता ओळखीची आहे.

गेल्या आषाढात आम्ही उपनगरातील एका काष्ठौषधीच्या दुकानातून कडू इंद्रजवाची पुडी घेतली आणि सहज म्हणून स्थानकाबाहेरच्या एका म्हाताऱ्या विक्रेतीस दाखविली. तिने चार दाणे तळहातावर घेतले, एक चावला, दुसरा चावला, आणि थुंकून पुडी परत केली. “दादा, यात गोडं हाय,” ती म्हणाली. किती असेल, असे आम्ही विचारले. तिने पुडी पुन्हा मागून घेतली, गोणपाटाच्या कोपऱ्यावर रिकामी केली आणि एकेक दाणा निवडावयास बसली.